काळाची चाळणी आणि चाळणारे हात

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पुढे जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य व संस्कृती यांचे केंद्र उघडले. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांना या दोन्ही घटनांचा आनंद झाला, आणि तो रास्तच होता. परंतु या आनंदाच्या आडून एक जुनाच समज नव्याने डोके वर काढू लागला आहे, आणि त्याचा समाचार वेळीच घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तो समज असा : पदव्युत्तर वर्गात शिकवायचे ते जुने साहित्य, आजचे साहित्य फावल्या वेळी वाचावे, फार तर दिवाळी अंकात चाळावे. कालच्या कादंबरीवर आज प्रबंध लिहिणे हा पोरखेळ आहे. आधी तिला काळाच्या चाळणीतून जाऊ द्या, उरली तर पाहू. अभिजाततेची कसोटीच मुळी दीड-दोन हजार वर्षांच्या प्राचीनत्वाची असल्यामुळे या मंडळींना आता राजमान्यतेचाही आधार सापडला आहे. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. समकालीन साहित्य आणि संस्कृती यांचा पदव्युत्तर अभ्यास ही चैन नव्हे. तो न झाल्यास उद्याच्या अभिजाताचाच पाया ठिसूळ राहील.

काळाची चाळणी हा शब्दप्रयोग मोठा फसवा आहे. काळ काही चाळीत नाही. चाळतात ती माणसे. आम्ही कारकुनी पेशातले असल्यामुळे ही गोष्ट इतरांपेक्षा थोडी अधिक जाणतो. सरकारी दफ्तरात नस्ती बंद झाली की तिची प्रतवारी होते. कोणती कायम जपायची, कोणती ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची, हे त्याच वेळी ठरते, आणि ते ठरवण्यात त्या दिवशी त्या टेबलावर बसलेल्या माणसाचा हात असतो. पुढे पंचवीस वर्षांनी अभिलेखागाराचे विद्वान येतात, ते उरलेल्या कागदांतून निवड करायला. जो कागद आधीच रद्दीत गेला, त्याच्याविषयी कोणत्याही विद्वानाला काही करता येत नाही. साहित्याचेही असेच आहे. चाळणीमागे कोणीतरी बसलेला असतो. तो जाणता असावा की अजाण, एवढाच काय तो प्रश्न.

उदाहरणे दूरची नकोत. म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकातले, मराठी गद्याचे आद्य वैभव. ते महानुभावांच्या सांकेतिक लिपीत शतकानुशतके बंदिस्त राहिले आणि विसाव्या शतकात राजवाडे-भावे प्रभृती संशोधकांनी त्या लिपीचे कुलूप उघडल्यानंतरच सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती आले. काळाने ते चाळून वर काढले, असे म्हणायचे काय? ते टिकले, कारण पंथातल्या माणसांनी त्याच्या पोथ्या जिवापाड जपल्या. आणि झाकून राहिले, तेही माणसांमुळेच.

अलीकडे यावे तर बा. सी. मर्ढेकरांकडे पाहावे. मर्ढेकर आपल्यापैकीच एक. आकाशवाणीच्या नोकरीत होते आणि १९५६ साली दिल्लीतच निवर्तले. त्यांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली निघाला, आणि समकालीनांनी त्याचा सत्कार केला तो अश्लीलतेचा खटला भरून! मर्ढेकर निर्दोष सुटले. आज त्यांच्यावाचून मराठी कवितेचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. 'तेव्हा पाहा, काळाने न्याय केला की नाही?' असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, न्याय केला तो त्या कवितेवर त्याच काळात वाद घालणाऱ्या, तिची बाजू मांडणाऱ्या वाचकांनी आणि टीकाकारांनी. ते गप्प बसते, तर काळ कोणाच्या तोंडून बोलला असता?

आणि ज्यांना असे वकील मिळाले नाहीत, त्यांचे काय? १९५४ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' नावाचे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. पुढच्या दशकात अशोक शहाण्यांचे 'असो' आले आणि लघु-अनियतकालिकांची एक चळवळच उभी राहिली. साठोत्तरी साहित्याचा उगम शोधायचा तर या चतकोर अंकांकडे जावे लागते. किती ग्रंथालयांनी ते अंक तेव्हा दफ्तरी दाखल करून घेतले? कागद हलका, शाई फिकी, अंक केव्हा निघेल याचा नेम नाही. नियमांच्या चौकटीत बसत नाहीत म्हणून असले अंक बाहेरच राहतात. दलित साहित्याची कथा याहून बोलकी आहे. मुंबईत १९५८ साली पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठे त्यात उद्घाटक म्हणून बोलले. १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. या लेखनाला 'साहित्य' म्हणावे की नाही, याचा काथ्याकूट प्रतिष्ठित व्यासपीठांवर चालू असताना औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक त्याचा विचार त्याच वेळी, त्याच जागी करीत होते. चाळणीच्या भरवशावर ते बसले नाहीत, हे मराठीचे भाग्य.

आता 'संस्कृती' या दुसऱ्या शब्दाकडे वळू. तमाशा, चित्रपट, भावगीते, साप्ताहिकांतल्या कथा, यांचा विद्यापीठात काय संबंध, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाचा दाखला द्यावासा वाटतो. रिचर्ड हॉगर्ट हा लीड्सच्या श्रमिक वस्तीत वाढलेला, शिष्यवृत्तीवर शिकलेला अध्यापक. आपल्याच लोकांची साप्ताहिके, गाणी आणि बोलणे यांवर त्याने १९५७ साली एक ग्रंथ लिहिला आणि १९६४ साली समकालीन संस्कृतीच्या पदव्युत्तर अभ्यासाचे केंद्र काढले. त्याच्यामागून ते केंद्र चालवले जमैकाहून आलेल्या स्टुअर्ट हॉल यांनी. एक वर्गाच्या सीमेवरचा, एक देशाच्या सीमेबाहेरचा. आतल्यांना जे हवेसारखे अदृश्य असते, ते सीमेवरच्या माणसाला दिसते. जगभर एका विषयाला जन्म देणारे ते केंद्र २००२ साली बंद करण्यात आले, हेही विसरू नये. केंद्रे उघडणे सोपे. ती चालू ठेवायला विषयाची निकड पटलेला समाज लागतो.

याचा अर्थ बर्मिंगहॅमची री ओढावी असा मुळीच नाही. प्रबंधात वीस युरोपीय पंडितांची नावे आणि ज्या लेखकावर प्रबंध, त्याचे मात्र पानही धड उलगडलेले नाही, हा प्रकार आम्हांस जुन्याच्या पूजेइतकाच निषिद्ध वाटतो. रा. चिं. ढेरे, दुर्गा भागवत यांनी लोकसंस्कृतीचा अभ्यास कसा करावा याचे धडे मराठीतच घालून दिलेले आहेत. साहित्य आणि देवदैवते, ग्रंथ आणि जत्रा यांना एका दृष्टीने पाहण्याची ती रीत आजच्या जगण्याला लावावी, एवढेच मागणे आहे.

'हे सारे ठीक, पण आमच्यासारख्या बदलीच्या माणसाचा यात काय संबंध?' असा प्रश्न येईल. संबंध सर्वांत जवळचा आहे. महाराष्ट्राबाहेर आलेल्या मराठी माणसाचे साहित्य पुष्कळदा त्याच्या पहिल्या बदलीच्या हुकुमाच्या तारखेला थांबते. त्यानंतर कपाटात तीच पुस्तके, गणेशोत्सवात तीच नाटके, संमेलनात त्याच आठवणी. मुले मोठी होतात तेव्हा त्यांना मराठी ही आजीची भाषा वाटते, आपली वाटत नाही; कारण त्यांच्या वयाचे, त्यांच्या काळाचे तिच्यात काही असते, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. ज्या भाषेत आज काही घडत नाही असे वाटते, ती भाषा मुले वादावादी न करता सोडून देतात.

दुसरे असे की, आपण स्वतःच या अभ्यासाचा विषय आहोत. एकाच मुक्तिबोध घराण्यात गजानन माधव हिंदीत लिहितात आणि शरच्चंद्र मराठीत, ही घटना केवळ मराठी किंवा केवळ हिंदी विभागाला कशी उलगडणार? बडोदे, वाराणसी, हैदराबाद, धारवाड येथील विद्यापीठांत मराठीचे विभाग आहेत. दोन भाषांच्या उंबरठ्यावरच्या जीवनाचा अभ्यास तेथे होणार नाही, तर कोठे होणार?

म्हणून आमची मागणी अगदी मोजकी आहे. मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमात गेल्या पंचवीस वर्षांतल्या साहित्याची एक अभ्यासपत्रिका सक्तीची असावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका चालत्या-बोलत्या गोष्टीची, मग ते मंडळाचे हस्तलिखित असो, हौशी नाटक असो वा बंद पडत आलेले मासिक असो, साक्षेपी नोंद करावी. आणि आपण, ज्यांच्या माळ्यावर मंडळांची वार्षिके आणि स्मरणिका धूळ खात आहेत, त्यांनी पुढच्या बदलीच्या वेळी ती रद्दीवाल्याला न देता जवळच्या मराठी विभागाला द्यावीत. विभागानेही ती नाक न मुरडता दाखल करून घ्यावीत.

ज्ञानेश्वरीही एके काळी समकालीनच होती. ती ऐकणाऱ्यांनी काळाच्या चाळणीची वाट पाहिली नाही. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली.