जुळवून फक्त निर्वासितांनीच घ्यायचे का?

वस्तीत फॉर्म भरून देणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. म्हाताऱ्या माणसांच्या कागदपत्रांवर जन्मतारीख म्हणून १ जून किती वेळा दिसते? आईला आठवत असतो त्या वर्षीचा दुष्काळ किंवा पूर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकले आणि माणसाला ती तारीख जन्मभर चिकटली.

अमेरिकेत गेलेल्या अनेक करेन निर्वासितांच्या कागदपत्रांवर अशीच १ जानेवारी आहे. नावाची गत त्याहून वाईट. करेन लोकांत आडनावाची पद्धत नाही. पुरुषाच्या नावाआधी 'साव' आणि स्त्रीच्या नावाआधी 'नॉ' लावतात, आपल्याकडच्या श्री. आणि श्रीमतीसारखे. पण तिथल्या फॉर्मला पहिले नाव आणि आडनाव लागतेच. मग 'श्री.' हेच हजारो माणसांचे नाव झाले आणि खऱ्या नावाचा शेवटचा तुकडा आडनाव म्हणून नोंदला गेला. एकाच घरात बापाचे आडनाव वेगळे, मुलीचे वेगळे. दवाखान्यात नि शाळेत 'हे तुमचेच मूल का?' याचे उत्तर द्यायची वेळ पालकांवर आली.

आपल्याकडे आडनावावरून जात शोधतात, तिथे आडनाव नाही म्हणून माणूस रकान्यात बसत नाही. दोन्हीकडे अपेक्षा एकच, की फॉर्म बदलणार नाही, माणसानेच बदलावे. निर्वासितांबद्दल बोलताना 'नव्या देशात त्यांनी छान जुळवून घेतले' असे कौतुकाने म्हटले जाते, तेव्हा मला हा फॉर्म आठवतो. 'मुख्य प्रवाहात या' हे वाक्य आपणही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवाह कोणाचा, आणि त्याची दिशा कोणी ठरवली, हे विचारायची मात्र सोय नसते.

थोडा इतिहास बघू. करेन हे म्यानमारच्या आग्नेय भागातले लोक. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि जानेवारी १९४९ च्या अखेरीस करेन आणि सरकार यांच्यात युद्ध पेटले. ते आजही पूर्ण थांबलेले नाही. १९६० च्या दशकापासून लष्कराने 'चार तोड' नावाचे धोरण राबवले. बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि नवी भरती तोडायची. प्रत्यक्षात तुटली ती गावे. शेते जाळली, लोकांना वेठीला धरले, ओझी वाहायला लावले. १९८४ पासून थायलंडच्या सीमेवर छावण्या उभ्या राहू लागल्या. आज अशा ९ छावण्या आहेत आणि ताक प्रांतातली मे ला ही सर्वांत मोठी.

थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे छावणीत राहायचे, पण परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, बाहेर काम करायचे नाही. रेशनवर जगायचे. छावणीत जन्मलेली मुले तिथेच मोठी झाली आणि त्यांचीही मुले तिथेच जन्मली. २००५ पासून मोठ्या प्रमाणावर पुनर्वसन सुरू झाले. त्यानंतरच्या दशकभरात एक लाखाच्या आसपास निर्वासित या छावण्यांतून इतर देशांत गेले. सर्वाधिक अमेरिकेत, बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नॉर्वे अशा देशांत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले सेंट पॉल हे शहर आज करेन समाजाचे मोठे केंद्र आहे.

आता माझा मुद्दा. छावणीतला करेन आणि सेंट पॉलमधला करेन ही एकाच गावची, अनेकदा एकाच घरातली माणसे. छावणीतल्याला 'मदतीवर जगणारा' म्हटले जाते आणि सेंट पॉलमधल्याला 'कष्टाळू'. मधल्या काळात माणसाचा स्वभाव बदलला का? बदलला तो कायदा. अमेरिकेत निर्वासिताला आल्यापासून कामाचा हक्क असतो, वर्षभराने कायम वास्तव्यासाठी आणि साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. नागरिकत्व मिळाले की मत मिळते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'रचना' हा शब्द शिकलो, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आळस, परावलंबन, अस्वच्छता हे दोष माणसात नसतात, त्याला ज्या जागी कोंडले त्या जागेत असतात. हे गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

म्हणून अमेरिका स्वर्ग ठरत नाही. विमानाचे भाडे तिथे निर्वासिताला कर्ज म्हणून दिले जाते. नव्या देशातली पहिली ओळख म्हणजे फेडायचा हप्ता. सुरुवातीची मदत काही महिन्यांची. मग भाषा येवो न येवो, मिळेल ते काम. अनेकांच्या वाट्याला मांस प्रक्रिया कारखान्यांतली थंडगार हॉलमधली, सुरी चालवण्याची पाळी आली. करेन माणसासाठी बर्मी दुभाषी बोलावून मोकळे होणारी कार्यालयेही आहेत. अनेक करेनांना बर्मी नीट येत नाही, आणि गाव जाळणारे सैनिक जी भाषा बोलत होते ती ही भाषा. आजारी आजीने आपले दुखणे त्या भाषेत सांगावे, ही कसली सोय?

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. व्हिक्टोरिया राज्यात निल नावाचे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या बदक प्रक्रिया कंपनीला कामगार मिळत नव्हते. २०१० पासून मेलबर्नमधली करेन कुटुंबे तिथे येऊ लागली. आधी त्यांना गाव दाखवले, गावकऱ्यांशी बोलणी केली, घरांची आणि इंग्रजी वर्गांची व्यवस्था केली, मग माणसे टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे जुळवून गावानेही घेतले. २०१५ च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की करेन लोकांमुळे त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत ४ कोटी १५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भर पडली.

हा आकडा निर्वासितांच्या बाजूने सगळीकडे वापरला जातो. मला तो आवडतो, आणि खटकतोही. उद्या बदकांचा धंदा बसला तर त्या माणसांचा तिथे राहण्याचा हक्क कमी होणार का? जी आजी कारखान्यात उभी राहू शकत नाही, तिची किंमत किती? माणसाला त्याच्या उपयोगावरून जागा द्यायची हा विचार आपल्या ओळखीचा आहे. आपल्याला गावात ठेवले होते ते ढोरे ओढण्यासाठी, माणूस म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी एक व्यक्ती, एक मूल्य म्हटले, त्यात उत्पादनाची अट नव्हती.

आता एक प्रश्न आपल्या घरातला. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. ब्रह्मदेशाबद्दल आपल्याला आपुलकी आहे, ती योग्यच आहे. पण त्याच देशात १९६१ मध्ये बौद्ध धर्म राजधर्म झाला आणि त्याच देशाच्या लष्कराने करेन गावे जाळली. करेनांमध्ये बहुसंख्य बौद्ध आहेत, ख्रिस्तीही मोठ्या संख्येने आहेत. १९९४ मध्ये बौद्ध करेन सैनिक ख्रिस्ती नेतृत्वावर नाराज होऊन फुटले आणि लष्कराने ती फूट वापरून घेतली. अमेरिकेत या लोकांच्या स्वागताला अनेक ठिकाणी चर्च पुढे आली. त्यांचा हेतू तपासत बसण्याआधी आपण स्वतःला विचारू या, की धम्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेविरुद्ध आपण किती बोललो? मैत्री आणि करुणा सोडून उरतो तो फक्त झेंडा.

आणि भारत? १९५१ च्या करारावर आपलीही सही नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९६४ पासून अरुणाचलात वसवलेले चकमा बौद्धच आहेत. त्यांच्या जीविताचे रक्षण करणे ही राज्याची जबाबदारी आहे, कारण कलम २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. तरीही त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न लोंबकळत राहिला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत तीन देश आहेत, म्यानमार नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने आधी निर्वासितांचा प्रवेश थांबवला, मग म्यानमारच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. छावण्यांची परदेशी मदत आटली. त्याच वर्षी थायलंडने छावणीतल्या लोकांना बाहेर काम करायची परवानगी मंजूर केली. चाळीस वर्षे जी दयेने मिळाली नाही ती मजुरांच्या टंचाईने मिळाली. तिचे स्वागत करू, पण तिला उपकार म्हणायचे कारण नाही.

निर्वासिताला आपण दया देतो तेव्हा ती परत घेण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो. हक्क दिला की तो राहत नाही. म्हणूनच सगळ्यांना दया सोपी वाटते. करेन लोकांनी जुळवून घेतले का, हे विचारण्याआधी त्यांना काम, कागद, मत आणि स्वतःच्या भाषेतला दुभाषी मिळाला का, हे विचारा. मिळाला नसेल, तर नापास ते झालेले नाहीत.

जय भीम!