एकाच संगणकात दोन बिऱ्हाडे

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आपल्या अनेक वाचकांची मुले-मुली आज संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांची बरीच प्रात्यक्षिके लिनक्सवर असतात. घरी संगणक नाही, आणि अभ्यासिकेतला असतो तो विंडोजचा. त्यावर लिनक्स टाकताना एक चूक झाली तर सगळी हार्डडिस्क पुसली जाते, म्हणून संगणक सांभाळणारे हात लावू देत नाहीत. त्यांना आम्ही दोष देत नाही. बिघाडाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो.

यावर तोड आहे ती व्हर्च्युअल मशीनची. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो विंडोजमध्ये बसवला की त्याच्या पोटात दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला थोडी मेमरी तोडून द्यायची. त्याची हार्डडिस्क म्हणजे विंडोजमधली एक मोठी फाइल. एका खोलीत पडदा लावून दोन बिऱ्हाडे राहावीत तसे हे आहे, फक्त आतल्या बिऱ्हाडाला पडदा दिसत नाही! आत मुलाने काहीही मोडले तरी विंडोज शाबूत राहते. आधी ‘स्नॅपशॉट’ घेतला असेल तर मोडलेलेही क्षणात पूर्ववत होते. मोडून पाहिल्याशिवाय ही विद्या येत नाही, आणि ज्याच्या घरी संगणक नाही त्याला मोडायची मुभा आजवर कुठे होती?

ही काही गरिबांसाठी काढलेली पळवाट नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० आणले तेही महागडा संगणक अनेकांत वाटून घेण्यासाठीच.

पालकांनो, संगणक सांभाळणाऱ्यांना भेटून दोन गोष्टी विचारा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का? ते बंद असेल तर ६४ बिटचे लिनक्स चालत नाही. आणि मेमरी किती आहे? ४ जी.बी. असेल तर नुसत्या अक्षरी आज्ञांचे लिनक्स १ जी.बी.त चालवावे, सी भाषेच्या प्रात्यक्षिकांना तेवढे पुरते. ८ जी.बी. असेल तर चित्रांचा पडदाही मिळेल. शिकवायला कोणी नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही विनामूल्य.

सामायिक संगणकावरची फाइल दुसरा कोणी पुसू शकतो. म्हणून उठण्यापूर्वी मशीन बंद करून ‘एक्स्पोर्ट’ करावे आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जी.बी.हून मोठी फाइल त्यावर मावत नाही. तो आधी एक्सफॅट करून घ्यावा, मात्र तसे करताना त्यातले जुने सर्व पुसले जाते.