अर्भकांचा तीव्र अतिसार : केवळ शुद्ध पाणी पुरेसे नाही

देशातील सुनियोजित शहर असा चंदीगडचा लौकिक आहे. तेथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेसारखी अग्रगण्य संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. तरीही अर्भकांच्या तीव्र अतिसाराची समस्या या परिसराला टळलेली नाही. त्याचे कारण या आजाराच्या दुहेरी स्वरूपात शोधावे लागते.

पावसाळ्यातील अतिसार प्रामुख्याने दूषित पाण्यातून पसरतो. पाणीपुरवठा खंडित असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि गळतीच्या ठिकाणी सांडपाणी आत शिरते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंदीगडलगतच्या पंचकुला जिल्ह्यातील अभयपूर येथे शेकडो लोकांना अतिसाराची लागण झाली होती. वसाहतींची दाट वस्ती, जुन्या जलवाहिन्या आणि त्यांच्याजवळून जाणारे सांडपाण्याचे नळ हे घटक अशा वेळी एकत्र येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मणिमाजरा येथे चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेचे उद्घाटन झाले. वाहिनीत सतत दाब राहिल्यास बाहेरील घाण आत येण्याचा धोका कमी होतो, हे या योजनेचे आरोग्यविषयक महत्त्व होय.

हिवाळ्यातील चित्र मात्र वेगळे असते. उत्तर भारतात थंडीच्या महिन्यांत रोटाव्हायरस या विषाणूचा जोर वाढतो. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मेलबर्न येथे या विषाणूचा शोध लावला. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. तो लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी नष्ट करतो. ताप, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होऊन शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात. विष्ठेतील अत्यल्प कणही लागण होण्यास पुरेसे असतात. हे कण हातांवर, खेळण्यांवर आणि भांड्यांवर टिकून राहतात. त्यामुळे स्वच्छ पाणी असलेल्या संपन्न देशांतील बालकांनाही हा आजार होतो. पाणी सुधारले की अतिसार संपेल, ही समजूत येथे अपुरी ठरते.

यावर प्रभावी उपाय लसीकरण हाच आहे. भारतात विकसित झालेल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर या तीन केंद्रांवर ६,७९९ अर्भकांवर घेण्यात आली. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून तिने सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. २०१६ मध्ये हरियाणासह चार राज्यांत ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. म्हणजे पंचकुल्याला ती प्रथम टप्प्यातच मिळाली. २०१९ मध्ये महाराष्ट्रासह देशभर तिचा विस्तार झाला. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात तिचे तोंडावाटे डोस दिले जातात. पहिला डोस एक वर्षाच्या आत मिळणे आवश्यक असल्याने कामाच्या शोधात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील बालके त्यापासून वंचित राहण्याची भीती असते.

अर्थात, लसीचे संरक्षण संपूर्ण नाही. म्हणूनच उपचाराचे महत्त्व कमी होत नाही. १९७१ च्या बांगला निर्वासितांच्या शिबिरात डॉ. दिलीप महालनबिस यांनी जलसंजीवनीची परिणामकारकता सिद्ध केली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार अतिसार झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच जलसंजीवनी आणि सुमारे ३१ टक्क्यांनाच जस्त मिळाले. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, साबणाने हात धुणे आणि बालक मलूल झाल्यास किंवा लघवी कमी झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत.

एकूणच, जलवाहिनी, लस आणि जलसंजीवनी यांपैकी एकावर भर देऊन उर्वरित दोन दुर्लक्षित केल्यास यश अपुरे राहील. चंदीगडसारख्या साधनसंपन्न शहराला जे साधणे कठीण जाते, ते देशातील लहान शहरांना किती अवघड असेल, याचा विचार धोरणकर्त्यांनी करावयास हवा.