नीरा, ताडी आणि टाइमस्टँप

ब्रिटनमध्ये 'सायडर' मागितलं की सफरचंदाची दारू येते. अमेरिकेत त्याच शब्दाला बहुतेकदा न आंबलेला गढूळ रस मिळतो. सॉमरसेटच्या शेतांवर बनणारं 'स्क्रम्पी' आणखी वेगळं: गढूळ, सहसा बिनफेसाचं आणि कडक. यावरून आमच्या क्लायंट कॉलची पंधरा मिनिटं गेली. मी आपला म्यूटवर हसत होतो, कारण विरारमध्ये आम्ही हाच घोळ लहानपणापासून घालतोय.

"ताडी नको, ती दारू. नीरा पी, तब्येतीला चांगली!" अहो, पण रस एकच! माडाची पोय किंवा ताडाचा फुलोरा छाटून खाली मडकं बांधायचं. मडक्याला आतून चुना लावला, पहाटे उतरवून रस थंड ठेवला की नीरा. चुना नसेल तर यीस्ट नि जिवाणू लगेच कामाला लागतात, काही तासांत ताडी तयार (माडाची असेल तर माडी). अल्कोहोल साधारण 4-5 टक्के. आणखी ठेवली की व्हिनेगरच्या वाटेला लागते. 1949 च्या दारूबंदी कायद्यातसुद्धा नीरेची व्याख्या आंबू न देणाऱ्या भांड्यावरच येऊन थांबते. वसईतल्या ख्रिस्ती घरांत फुग्यांचं पीठ याच ताडीने फुगायचं, तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही.

त्यामुळे 'नीरा चांगली, ताडी वाईट' हे मला पटत नाही. वाईट आहे ती भेसळ. क्लोरल हायड्रेट घातलेल्या ताडीने माणसं दगावली आहेत. नीरेचंही सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका स्टॉलवर दुपारी 3 वाजता 'ताजी' नीरा घेतली. भयंकर गोड, आणि मागून सॅकरिनसारखी कडवट चव. "कधी उतरवली?" "सकाळी, साहेब." कुठल्या सकाळी, ते काही सांगितलं नाही!

माझी मागणी साधी आहे: कॅनवर उतरवल्याची वेळ लिहा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, लॉगमधल्या प्रत्येक ओळीला टाइमस्टँप असतो, मग तासातासाला बदलणाऱ्या या रसाला का नको? प्रामाणिकपणे पहाटे झाड चढणाऱ्याला त्याचा भाव तरी मिळेल.

आमच्या गल्लीतले एक काका पूर्वी ताडी काढायचे. त्यांना ही आयडिया ऐकवली, तर म्हणाले, "वास घे ना रे, घड्याळ कशाला?" बरोबर आहे त्यांचं. पण गुडघ्यांमुळे ते आता चढत नाहीत, मुलगा बँकेत आहे, आणि मला तो वास अजून ओळखता येत नाही. तोवर सकाळी 7 च्या आत मिळाली तर नीरा, नाहीतर लिंबू सरबत.