‘पिल्लूच तर आहे’ म्हणू नका

बोईसर-तारापूरच्या कामगार वसाहतींत, पालघरच्या चाळींत मुले रस्त्यावरचे पिल्लू उचलून घरी आणतात. त्याने फरशीवर शू केली की त्याचे नाक त्यात घासले जाते, वर चपलेचा मार. पिल्लू यातून इतकेच शिकते, की माणसांसमोर करायची नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करते! झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे, तिथे झाली की गोंजारावे.

माणसांची सवय 3 ते 14 आठवड्यांच्या वयात सहज लागते. रेबीजची लस मात्र साधारण 3 महिन्यांनंतर देतात. म्हणजे मुलांच्या अंगाखांद्यावर खेळते तेव्हा ते बिनलशीचे असते. म्हणून त्याला कोंडून ठेवणेही चूकच. असा कुत्रा पुढे भेदरून चावतो. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी जरूर हाताळावे, भटक्या कुत्र्यांत सोडू नये.

दात लागला तर हळद-चुना नको. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवून त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. रक्त आले असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पोटातली 14 इंजेक्शने कधीच गेली, आता लस दंडावर देतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र हाती काही उरत नाही. आणि पिल्लू हाकलतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात. त्यांचे हात-पाय रोज पाहावेत, न रागावता.