सात किलोंची बॅग आणि उरलेलं ओझं

१४ नोव्हेंबर १८८९ च्या सकाळी न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेन बंदरात नेली ब्लाय जहाजावर चढली, तेव्हा तिच्या हातात एकच बॅग होती. सोळा इंच रुंद, सात इंच उंच. आजच्या विमानात सीटखाली सहज सरकली असती. निघाली होती मात्र पृथ्वीप्रदक्षिणेला. ‘द वर्ल्ड’ या दैनिकाची ही पंचवीस वर्षांची बातमीदार ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतले ऐंशी दिवस खोटे पाडायला बाहेर पडली होती. ही कल्पना तिने आधी मांडली तेव्हा कचेरीत नकारघंटाच वाजली होती. बाईमाणसाला सोबत लागणार, शिवाय तिचे डझनभर पेटारे हलवता हलवता गाड्या चुकणार, असा हिशेब होता.

त्या हिशेबाला नेलीने बॅगेनेच उत्तर दिलं. आत दोन टोप्या, तीन जाळीदार बुरखे, सपाता, दौत, लेखण्या, कागद, सुईदोरा, टाचण्या, आतले कपडे, पुष्कळ हातरुमाल, एक गाऊन, एक ब्लेझर, पाणी प्यायचा पेला. वरचा पोशाख अंगावर होता तेवढाच, तोही शिंप्याकडून एका दिवसात शिवून घेतलेला. एकच चैन तिने केली : कोल्ड क्रीमची बरणी. तिने पुढे लिहिलं आहे की, या बरणीने तिचा अंत पाहिला. बॅग मिटायला घेतली की बरणी नेमकी आडवी! प्रवासाची बॅग भरलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात अशी एक बरणी असते. कुणाची केसांच्या तेलाची, कुणाची च्यवनप्राशची.

७२ दिवस ६ तास ११ मिनिटांत नेली परतली. कपडे कमी पडल्याचं दुःख तिला नव्हतं. घाईत कोडॅक कॅमेरा घ्यायचा राहिला, ही हळहळ तेवढी होती. आणि सुटसुटीत प्रवासाचा नमुना म्हणून गाजलेल्या या बाईने सिंगापुरात काय विकत घेतलं, तर चक्क माकड! उरलेला अर्धा प्रवास ते तिच्याबरोबर होतं.

कमी सामानाच्या भक्तांना ही गोष्ट फार आवडते. तिचा दुसरा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. नेलीजवळ दोनशे पौंड होते. सोन्याची नाणी खिशात आणि नोटा गळ्यातल्या चामडी पिशवीत. जहाजावर कपडे धुऊन मिळत होते, जेवण मिळत होतं, अंथरूण घातलेलं असे. म्हणजे तिच्या बॅगेत जे नव्हतं, ते वाटेवर दुसऱ्या कुणीतरी आधीच तयार ठेवलेलं होतं. व्हर्नचा नायक फिलिअस फॉगही असाच. लंडनहून निघताना पिशवीत दोन लोकरी सदरे, मोज्यांच्या तीन जोड्या आणि वीस हजार पौंडांच्या नोटा. लागेल ते वाटेत घेऊ, असं म्हणायला त्याचं काय जात होतं? त्याच्या नोकराने तर मुंबईत मलबार हिलच्या देवळात बूट घालून पाऊल टाकलं आणि बूट तिथेच गमावून अनवाणी स्टेशन गाठलं. सामान आणखी हलकं!

बॅगेचं वजन माणसाच्या स्वभावावर ठरतं, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ते पुष्कळसं वाटेवर ठरतं.

आपल्याकडचा होल्डॉल आठवून पाहा. कॅनव्हासची ती अजस्र वळकटी, तिच्या पोटात गादी, चादरी, उशा, वर चामडी पट्टे आणि पट्टा शेवटच्या भोकात बसावा म्हणून वळकटीवर गुडघा रोवून बसलेले वडील. जोडीला लोखंडी ट्रंक, दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या. आजची पिढी त्या सामानाला हसते. पण तेव्हा गाडीत लाकडी बाक होतं, धर्मशाळेत मोकळी फरशी होती आणि ज्यांच्याकडे उतरायचं त्या काकांच्या दोन खोल्यांत आधीच आठ माणसं झोपत होती. बरोबर अंथरूण नेणं हा तिथे शिष्टाचार होता. गाडीत चादर-उशी मिळू लागली, लॉजमध्ये पलंग आला, बाटलीतलं पाणी स्टेशनोस्टेशनी विकायला आलं आणि होल्डॉल माळ्यावर गेला. माणसं काही एकाएकी विरक्त झाली नाहीत.

रेल्वेच्या नियमात ही गंमत आजही दिसते. एसी फर्स्टच्या प्रवाशाला ७० किलो सामान फुकट नेता येतं, स्लीपरला ४० आणि सेकंड क्लासला ३५. ज्याला चादर, उशी, ब्लँकेट गाडीतच मिळतं, त्याला दुप्पट मुभा. ज्याला पांघरूण घरून न्यायचं, त्याला निम्मी.

विमानाने वेगळीच शिस्त लावली. देशांतर्गत प्रवासाला साधारण १५ किलो पोटात आणि ७ किलो हातात. त्यामुळे घरोघरी निघण्याच्या आदल्या रात्री एक सोहळा होतो. आधी वजनकाट्यावर नुसतं उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. आकडा पटला नाही की जाड स्वेटर अंगावर चढतो.

परदेशातल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांचं सामान पाहणाऱ्याला मात्र भलताच समज होतो. न्यू जर्सीला जाताना माणशी २३ किलोंच्या दोन बॅगा, काठोकाठ. उघडून पाहिल्या तर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकरची शिटी आणि रिंग, नातवंडांचे झबले-कुर्ते, शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं ‘छोटंसं’ पुडकं. आईचे स्वतःचे कपडे हातातल्या बॅगेत, तिच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी. अशा बायकांइतकं कमी सामान घेऊन प्रवास करणारं माणूस शोधून सापडणार नाही. बाकीचं ओझं त्यांचं नसतंच.

पंढरीच्या वारीत हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर चालतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. जेमतेम खांद्यावरची पिशवी, हातात टाळ किंवा पताका, डोक्यावर तुळस, एवढ्यावर दिवे घाट चढणारा वारकरी पाहिला की शहरी माणूस हरखतो. पण दिंडीमागून, किंवा बहुधा दिंडीच्या पुढे, ट्रक धावत असतो. त्यात वळकट्या, पिशव्या, भांडी, धान्य, राहुट्यांचे बांबू. दिंडी मुक्कामी पोहोचायच्या आत राहुट्या ठोकलेल्या असतात, चूल पेटलेली असते. यासाठी वारकरी दिंडीत भिशी भरतो. आपलं ओझं कोण वाहतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही.

पैसा आणि ट्रक दोन्ही नसताना काय होतं, हे पाहायचं तर एमा गेटवूडकडे जावं. अमेरिकेतल्या ओहायोची ही शेतकरीण, अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, जरा चालून येते असं मुलांना सांगून तिने अ‍ॅपलाचियन ट्रेलची वाट धरली. जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगरातून तीन हजारांहून अधिक किलोमीटर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पायात कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आत ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. ही वाट एका हंगामात एकटीने संपवणारी ती पहिली स्त्री. पुढे ती आणखी दोनदा चालली. तिच्या पिशवीत नव्हतं ते पुरवलं वाटेवरच्या अनोळखी घरांनी. कुणी ओसरीवर झोपू दिलं, कुणी जेवू घातलं. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. ‘नर्मदे हर’ म्हणत दारात उभं राहिलं की सदावर्त मिळतं, या भरवशावर त्याची झोळी हलकी राहते.

या सगळ्यात एक माणूस मागे पडला : स्टेशनवरचा हमाल. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाने सुटीवरून परतताना दोन जड सुटकेसा ओढून घाम गाळला आणि १९७२ मध्ये चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळवलं. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तीच बॅग उभी केली आणि तिला लांब दांडा लावला. चाकं आली आणि लाल डगल्यातला, दंडावर पितळी बिल्ला बांधलेला हमाल फलाटावर रिकामा उभा राहू लागला. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याचं नाव बदलून ‘सहायक’ झालं. गिऱ्हाईक काही त्यामुळे वाढलं नाही.

तेव्हा येत्या सुटीत जरूर एकच बॅग घ्या. दोन जोड अंगावेगळे, एक अंगावर, औषधं हाताशी, एवढ्यात आठवडा निघतो. बरणी घरीच ठेवा. मात्र जो टॉवेल, जी चादर, जो इस्त्रीचा सदरा आपण नेला नाही, तो परगावी ज्याच्या हातून मिळेल त्या धोब्याशी, खोली झाडणाऱ्या बाईशी, चहावाल्याशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नका. तुमच्या बॅगेतलं उरलेलं वजन तेच उचलत आहेत.