गच्चीची चावी

गेल्या रविवारी भाचीबरोबर एका हॅम रेडिओ क्लबाच्या बैठकीला जाऊन आलो. आमच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्या हाती कुणी देत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा मी गेलो तो नुसता सोबत म्हणून. पण दारात रजिस्टर घेऊन बसलेल्या गृहस्थांनी विचारलं ते मला, "सर, आपला कॉलसाइन?" म्हटलं, माझा नाही, हिचा. त्यांनी भाचीकडे पाहिलं, "अरे वा, छान छान" म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले, "मग तुम्ही कधी घेताय?"

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारी परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना आणि स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख. वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. पहिल्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक भाषा, लागत नाही; तिचे कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतात. व्हीयू२ वाले जनरल श्रेणीचे, त्यांना मोर्स यावा लागतो. भाची व्हीयू३. माहिती संपली.

बैठकीत नव्यांचं स्वागत झालं, ते इतिहासाने. राजीव गांधी कसे हॅम होते आणि त्यांचा कॉलसाइन व्हीयू२आरजी कसा होता. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आणि २००१ साली भूजला हॅम मंडळींनी निरोप कसे पोचवले. इस्रोने २००५ साली हॅमसॅट उपग्रह कसा सोडला. सगळं खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण पाऊण तासात राजीव गांधींचा कॉलसाइन तीनदा ऐकू आला आणि माझ्या भाचीचा एकदाही नाही.

मग मोर्स निघाला. मोर्स निघाला की कुणाला घरी जायची घाई नसते. "हल्लीच्या पोरांना सगळं आयतं मिळतं," एक काका म्हणाले. दुसरे म्हणाले, २००३ च्या जागतिक परिषदेतच मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, आता किती वर्षं रडायचं? त्यावर पहिले काका बोटाने टेबलावर काहीतरी टकटकले आणि चारपाच जण खो खो हसले. काय टकटकले ते विचारायची आमची छाती झाली नाही. भाची शेवटच्या रांगेत बसून कागदी कपाच्या कडेचे तुकडे पाडत होती. "ती कुठली रे?" असं कुणीतरी विचारलं, तेही मला.

निघताना एक जण म्हणाले, "नेटवर या हं." हे नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी हजेरी लावायची असते ते. त्या रात्री भाची हातातला सेट घेऊन बसली. काय बोलायचं ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं, स्वतःच्या नावासकट. तिकडून आवाज आला, "कोणी नवीन स्टेशन?" तिने बटण दाबलं आणि सोडलं. "मामा, तू बाहेर जा." मी बाहेर गेलो. दाराला कान लावून ऐकलं, पुन्हा नुसतीच खट्. तोवर कुणी तरी नव्या बॅटरीच्या भावाचा विषय काढला होता आणि नेटची गाडी निघून गेली होती. परीक्षेतलं ओहमच्या नियमाचं गणित या मुलीने झटक्यात सोडवलं होतं. पण माइकसमोर पहिल्यांदा तोंड उघडायचं तर शेजारी कुणीतरी बसायला लागतं, आणि ते मामाचं काम नव्हे.

अमेरिकेत जूनमधल्या चौथ्या शनिवार-रविवारी 'फील्ड डे' असतो. क्लब मैदानात तंबू ठोकतात आणि चोवीस तास जगाशी बोलतात. तिथे नवख्यांसाठी एक स्टेशन वेगळं ठेवता येतं. जाणता माणूस बाजूला बसतो, माइक नवख्याच्या हातात असतो आणि त्याबद्दल क्लबाला जादा गुण मिळतात. गुणांच्या लोभाने का होईना, माइक हातात येतो तरी.

आता खरी गोष्ट. हातातल्या सेटवर भागतं ते गावापुरतं. लांबचं बोलायचं तर तार ताणावी लागते. सात मेगाहर्ट्झसाठी साधारण २० मीटर, म्हणजे आमच्या गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गच्चीला कुलूप आहे आणि चावी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. सोसायटीच्या लिफ्टविषयी मी लिहिलेल्या लेखापासून ते माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत. भाचीने रीतसर अर्ज दिला, परवान्याची झेरॉक्स जोडली.

"टॉवर बसवताय?" ते म्हणाले.

"तार आहे काका. नुसती तार."

"रेडिएशन असणार."

"तुमच्या मोबाइललाही असतं."

"मोबाइल मी खिशात ठेवतो, गच्चीवर नाही."

यावर काय बोलणार! त्याच गच्चीवर कपडे वाळत घालायच्या पाच तारा आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कुरडया आहेत, केबलवाल्याच्या वायरींचं जंजाळ आहे आणि कुणी तरी टाकून दिलेली सायकल आहे. त्यांतल्या कशालाही अर्ज लागलेला नाही. भाची म्हणाली, तारेला दोन चिमटे लावून ठेवते, कुणाला कळणारही नाही. पोरगी हुशार आहे. पण आता अर्ज गेलाच आहे, तर तो वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आला. विषय पाच, कबुतरांची जाळी. विषय सहा, गच्चीवरील तार व तिचे दुष्परिणाम.

दुष्परिणाम हा शब्द सेक्रेटरींचा. क्लबातल्या कुणा ज्येष्ठांना नियम तोंडपाठ असतील, भांडायची हौस असेल आणि रविवारची सकाळ मोकळी असेल, तर त्यांनी जरूर यावं. सभा दहाची आहे, म्हणजे कोरमसाठी अर्धा तास तहकूब होऊन अकराच्या सुमारास सुरू होईल. कबुतरांवर तासभर तरी जाईल. बाराला आलात तरी चालेल.